सातशे फुटांचं बीज

जपानी विमान काशीच्या आकाशात कधी आलंच नाही, हे आधीच सांगून टाकतो. युद्धाची गोष्ट म्हणून कान टवकारून बसलेल्या माणसांची शेवटी निराशा होते आणि मग ती चहाला नावं ठेवतात. राजघाटचा रेल्वेचा पूल राखायला सरकारनं गंगेपल्याडच्या रेतीवर चार विमानवेधी तोफा आणून ठेवल्या होत्या. त्यांनी त्या सगळ्या मुक्कामात एकच विमान जायबंदी केलं आणि ते सरकारचंच होतं. या पराक्रमात माझा वाटा बराच मोठा आहे. पदक कुणी दिलं नाही, म्हणून स्वतःच लिहून ठेवतो आहे.

आमचं घर दूधविनायकला, काशीतल्या मराठी वस्तीत. तीन पिढ्या पंचांगाचं गणित करणारं. आमचा मूळ ग्रंथ शेकडो वर्षांपूर्वीचा, आणि त्यातल्या आकड्यांवरून ग्रहण काढलं तर ते आकाशातल्या ग्रहणाशी जुळायचं नाही. साधा माणूस म्हणेल, मग ग्रंथ दुरुस्त करा. आमच्याकडे असं बोलणाऱ्याला शेवटच्या पंगतीला बसवत. ग्रंथातला आकडा जसाच्या तसा मांडायचा, त्याला मनातल्या मनात नमस्कार करायचा आणि शेवटी हळूच त्यात एक ठरावीक आकडा मिळवायचा. त्याला बीज म्हणतात. बीज घातलं की ग्रंथही खरा राहतो, ग्रहणही वेळेवर लागतं आणि चूक कुणाची हे विचारायची पाळी येत नाही.

हे शास्त्र आमच्या घरात पंचांगापुरतं राहिलं नव्हतं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कमी ऐकू येऊ लागलं तेव्हा तसं त्यांना कुणी सांगितलं नाही. आम्ही सगळे ओरडून बोलायला लागलो. आईचा हात मिठाला आखडला तेव्हा वहिनी वाढता वाढता पातेल्यात चिमूट सोडायची. मोठ्यांची चूक मोठ्यांना दाखवायची नाही, तिच्यात आपलं बीज घालून गप्प बसायचं. याला आम्ही संस्कार म्हणत असू.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठे. आमच्याकडे थोरल्या भावालाही अहोजाहो. लहानपणी तापात त्यांचा डावा डोळा अधू झाला होता. वरून काही दिसायचं नाही, पण त्या डोळ्याला सगळं धुरकट. हे मला ठाऊक होतं, पुढे वहिनीला कळलं. अण्णांना सांगण्याची कुणाची छाती झाली नाही. त्यामुळे पंचांगाच्या बारीक कोष्टकांत दादा रकाना चुकायचे आणि अण्णांनी ठरवून टाकलं की थोरला मठ्ठ आहे. मग त्यांना वेदपाठाला घातलं. तिथं दादांनी कमाल केली. एकदा कानावर पडलेलं सरळ, उलट, दोन पावलं पुढे एक मागे, हवं तसं म्हणून दाखवायचे. पण अण्णांच्या लेखी पाठांतर म्हणजे पोपटाचं काम. पंगतीत पाहुणा असला की, वहिनीच्या आणि चिमुरड्या पुतणीच्या देखत, ते म्हणत, "हे आमचे थोरले चिरंजीव. आवाज छान आहे. उपयोग विचारू नका." दादा खाली मान घालून भात कालवत. मला अण्णांचा भयंकर राग यायचा. राग गिळून मीही भातच कालवायचो.

मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होतो. एक दिवस तोफखान्याचा कॅप्टन शाळेत आला. गोरा, तरुण, उन्हानं सोललेला. तोफा चालवायला गणित येणारी माणसं हवीत, असं त्यानं हेडमास्तरांना सांगितलं. काशीत ज्योतिषी फार, म्हणजे आकाशाकडे बघायची सवय असणारच, असा त्याचा अंदाज. त्याला कोण सांगणार की आमच्या घरात ग्रहण बघायला गच्चीवर जाणं म्हणजे आगाऊपणा समजत. बघावं लागलं म्हणजे गणितावर विश्वास नाही.

मी नाव दिलं. घरी सांगितलं तेव्हा जिन्यात दादांनी मला धरलं. "मला पण घेतील का रे? काहीही काम. इथं मी नुसता खातो."

त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. आधी अण्णांनी वर्दीच्या कातडी पट्ट्याच्या विटाळावरून आकांत केला. पण साहेब स्वतः दारी येऊन हात जोडून गेला, तेव्हा त्यांना शास्त्रात तोड सापडली. पट्टा जिन्याखाली काढायचा, भोसले घाटावर बुडी मारायची आणि ओलेत्यानं घरात यायचं. एवढ्यावर साम्राज्याचं रक्षण करायला आमच्या घराची परवानगी मिळाली.

डोळ्यांची तपासणी हा खरा प्रश्न होता. भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता, एक डोळा झाकून वाचायचा. दादा रांगेत सहावे. पुढच्या पाच जणांनी तक्ता मोठ्यानं वाचला, तेवढं त्यांना पुरलं. डावा डोळा उघडा ठेवून त्यांनी शेवटची ओळ घडाघडा म्हटली. डॉक्टरला शंका आली असावी, तो म्हणाला उलटी वाच. ज्यानं बारा वर्षं ऋचा उलटसुलट घोकल्या त्याला हे काय सांगता! दादांनी ती उलटी म्हटली आणि मागितली नसताना एकाआड एक अक्षरंही म्हणून दाखवली. डॉक्टरनं शेरा लिहिला, दृष्टी असामान्य. आणि असामान्य दृष्टीच्या माणसाला जिथं द्यायची तीच जागा दादांना मिळाली. विमानाची उंची मापणारं यंत्र.

आता हे यंत्रांचं प्रकरण थोडं सांगायला हवं. विमानविरोधी तोफेचा गोळा विमानाला लागावा अशी अपेक्षाच नसते. तो विमानाजवळ फुटावा आणि तुकड्यांनी काम करावं. पण गोळा वर पोचायला दहा-बारा सेकंद लागतात आणि तेवढ्यात विमान मैलाच्या आसपास पुढे गेलेलं असतं. म्हणून विमान आहे तिथं नव्हे, असेल तिथं नेम धरायचा. हे भविष्य सांगायला एक लोखंडी पेटी होती. तिच्याभोवती सहा जण उभे राहून चाकं फिरवत. दोघं दुर्बिणीतून विमानाचा माग धरत, बाकीचे काटे जुळवत, आणि पेटी आतल्या आत गणित करून तोफांना सांगे, इकडे तोंड करा, एवढ्या सेकंदांनी फुटा. सारी भिस्त यावर की शत्रू सरळ रेषेत, एकाच वेगानं, एकाच उंचीवरून चालत राहील. इतका शिस्तीचा शत्रू मी जन्मात पाहिला नाही.

पेटीला उंची बाहेरून द्यावी लागे. ती दादा देत. आडव्या लांब नळीला दोन्ही डोळे लावायचे. आत काही खुणा दिसत. खुणा आणि विमान सारख्याच अंतरावर तरंगताहेत असं वाटेपर्यंत चाक फिरवायचं आणि आकडा ओरडायचा. मी पेटीशी उभा राहून तो आकडा चकतीवर लावायचा. पुढे बिनतारी लहरी सोडून उंची काढणारी यंत्रं आली आणि डोळ्याची गरजच उरली नाही. पण तोवर सरकारची सारी मदार दादांच्या दोन डोळ्यांवर होती, म्हणजे खरं तर दीड डोळ्यावर.

सरावासाठी एक जुनं विमान यायचं. पाठीमागे तारेच्या लांब दोराला कापडाची मोठी नळी बांधलेली, ती आमचं लक्ष्य. दोर सोडायला आणि ओढून घ्यायला विमानात मागे एक शिपाई बसे. नियमानं दोर भरपूर लांब हवा. पण तारेचा तुटवडा होता, म्हणून कॅप्टननंच तोंडी हुकूम देऊन तो निम्मा करून टाकला होता. विमान पूर्वेकडून रेतीवरून येई, म्हणजे चुकलेला गोळा खरबुजाच्या वाड्यांवर पडावा, देवळांवर पडू नये.

पहिले दोन दिवस आमचे गोळे कापडाच्या मागे आणि खाली फुटले. कॅप्टन तांबडालाल झाला. तोफा बघितल्या, पेटी उघडली, सगळं ठीक. मग तो दादांच्या नळीजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, पुढच्या वेळी असंच झालं तर इथं दुसरा माणूस आणीन. त्या संध्याकाळी नावेतून येताना दादा तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. घरी जाऊन अण्णांना काय सांगायचं याचीच ती जुळवाजुळव होती, हे मला त्यांच्या ओठांवरून कळत होतं.

विमानतळावरून प्रत्येक उड्डाणाची चिठ्ठी येई, त्यात विमानातल्या उंचीमापक घड्याळाप्रमाणे उंची लिहिलेली. त्या चिठ्ठ्या माझ्याकडे येत. मी दादांचे आकडे आठवून ताडून पाहिले. दर वेळी दादा सातशे फुटांनी कमी. कधी सहाशे ऐंशी, कधी सातशे वीस. पण सातशेच्या आसपासच. उंची कमी धरली की पेटी समजते गोळा लवकर पोचेल, म्हणून ती पुढचा नेमही कमी धरते, आणि गोळा मागे राहतो. सगळं लख्ख दिसत होतं.

तुम्ही असता तर भावाला बाजूला घेऊन सांगितलं असतं. मी दूधविनायकचा. पुढच्या सरावाला दादांनी आकडा ओरडला, मी त्याला मनात नमस्कार केला आणि चकतीवर सातशे वाढवून लावले. चार तोफा एकदम सुटल्या आणि कापडाच्या आजूबाजूला चार काळे गोंडे उमटले. दुसऱ्या फैरीत कापड फाटलं. कॅप्टननं टोपी उडवली आणि धावत जाऊन दादांना मिठी मारली. उभ्या आयुष्यात दादांना शाबासकी म्हणून कुणी हात लावला होता तो हा पहिला.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात सण होता. बाहेरच्या फलटणींचे अंमलदार दादांना बघायला यायचे. अण्णा शिंदे घाटावर स्नानाला आलेल्या प्रत्येकाला सांगत, "आमचा थोरला! नुसत्या डोळ्यानं विमानाची उंची सांगतो. गणित रक्तातच असावं लागतं." पंगतीत दादांच्या पानात आधी वाढलं जाऊ लागलं. वहिनी ताठ चालायला लागली. मी रोज सातशे घालत होतो आणि मनातून स्वतःवर भलता खूश होतो. घरातल्या सगळ्या मूर्खांत आपण एकटे शहाणे, आणि शिवाय उदार! असा दुहेरी माज फार थोड्यांना लाभतो.

चैत्रात मी तापानं चार दिवस पडलो. त्या दिवसांत विमान यायचं नव्हतं, म्हणून दादांना चिठ्ठ्या तारखेवार लावायला बसवलं. पुढचं मला मागाहून कळलं, पण इथंच सांगतो. दादा चिठ्ठी डोळ्याजवळ नेऊन वाचत आणि त्या दिवशी आपण ओरडलेला आकडा त्यांना जसाच्या तसा आठवे. दर चिठ्ठीत आपण सातशेनं खाली. मग गोळे नेमके कसे फुटत होते, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पण फळ गोड लागलं की आमच्याकडे झाड तपासत नाहीत. त्यांना वाटलं, पेटीच काहीतरी सांभाळून घेते आहे. एखाद्या दिवशी दगा देईल. धाकट्याला विचारावं, तर आपला अधूपणा धाकट्यापुढे कबूल करायचा. तेही त्याच घरातले. त्यांनी ठरवलं, यापुढे आपणच सातशे वाढवून ओरडायचं.

पुढच्या सरावाला ऊन कडक होतं. विमान आलं. दादा ओरडले, "आठ हजार!" विमान बरोबर आठ हजारांवर होतं. मी सवयीनं आठ हजार सातशे लावले.

चारही गोळे कापडाच्या पार पुढे, विमानाच्या डोक्यावर फुटले. विमान एका अंगावर कलंडलं, सावरलं, पुन्हा कलंडलं. दोर तुटला आणि कापड डुलत डुलत रेतीवर उतरलं. वाडीवाल्या मल्लाहांनी, म्हणजे नावाड्यांनी, शिपाई पोचायच्या आत त्याचे तुकडे करून घरी नेले. विमान कसंबसं तळावर परतलं. वैमानिकाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मागे दोर सांभाळणाऱ्या शिपायाचा उजवा हात मनगटापासून गेला.

दुपारी चिठ्ठी हातात घेऊन कॅप्टन पेटीशी आला. चिठ्ठीत आठ हजार. दादांची हाक सगळ्यांनी ऐकलेली, आठ हजार. आणि चकतीवर माझ्या हातचे आठ हजार सातशे. त्यानं मला शांतपणे विचारलं, "हे का?"

खरं सांगायचं तर दादांचा डोळा सांगावा लागणार. डोळा सांगितला की खोटी तपासणी, खोटे दोन महिने, आणि मग दादांना पुन्हा त्या पंगतीत खाली मान घालून बसायचं. मी दादांकडे बघितलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता, म्हणजे त्यांना त्या क्षणी सगळं उमगलं होतं. ते बोलतील म्हणून मी थांबलो. दादा नदीकडे बघत राहिले. त्या वेळी मला त्यांचा जो तिरस्कार वाटला तो मी अजून विसरलेलो नाही. मीही काही बोललो नाही.

कॅप्टन आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे काय होतं ते मला आता कळतं. वरच्या साहेबांना त्यानं आमची तारीफ लिहून पाठवली होती, बढतीची बोलणी चालली होती. त्यानं आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं, आणि स्वतःच्या बोटांनी ती चकती फिरवून आठ हजारांवर आणली. आमच्या घराण्याची विद्या शिकायला त्याला तीन पिढ्या लागल्या नाहीत.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं की तोफखान्याची कामगिरी निर्दोष होती. विमानातल्या शिपायानं दोर नियमापेक्षा कमी सोडला, म्हणून लक्ष्य विमानाच्या फार जवळ आलं. तोंडी हुकमाला कागद नसतो. शिपाई इस्पितळात बेशुद्ध, त्याच्या हाताखाली कुणी नव्हतं, म्हणून चूक त्याच्यापाशी येऊन थांबली. वड्याचं तेल वांग्यावर काढतात हे आपण नुसतं बोलतो. मी ते काढताना पाहिलं आणि खाली माझी सहीही केली.

संध्याकाळी नावेत दादा म्हणाले, "तू किती घालत होतास?"

"सातशे."

"कधीपासून?"

"तिसऱ्या सरावापासून, दादा."

त्यांनी पाण्यात हात घातला. मग म्हणाले, "म्हणजे माझा एकही नेम माझा नव्हता." आणि थोड्या वेळानं, "मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"तुम्ही मोठे."

"हो, ते तर आहेच," ते म्हणाले. दोघांनाही हसू आलं, आणि ते हसणं इतकं घाणेरडं होतं की नाव चालवणाऱ्यानं मान वळवून पाहिलं. काठावर उतरून आम्ही नेहमीप्रमाणे बुडी मारली. अण्णांनी जेवताना विचारलं, "आज काय पाडलंत?" दादा म्हणाले, "आज विमान लवकर गेलं." त्यांच्या पानात आधी वाढलं गेलं.

आठवड्यानं मी इस्पितळात गेलो. दादा येतो म्हणाले होते, मग त्यांना त्या दिवशी ताप आला. शिपाई बलियाकडचा, भोजपुरी बोलणारा, विशीतला. उजव्या मनगटाशी पट्ट्यांचा पांढरा गोळा. त्याला वाटलं, एवढ्या मोठ्या तोफखान्यातून कुणी आपल्याला बघायला आलं, म्हणजे मोठेपणच झालं. तो उठून बसायला लागला. मी नको म्हटलं. मी पेढे नेले होते. ते त्यानं डाव्या हातानं घेतले, कपाळाला लावले आणि शेजारच्या खाटेवरच्याला आधी दिले.

मग तो हळूच म्हणाला, "बाबूजी, एक बात पूछीं? साहेब लोग कहत बाड़े, डोर हम कम छोड़ले रहनी. हमरा त याद बा, जेतना हुकुम रहे ओतना छोड़ले रहनी. रउआ त गणित जानीले. ठीक-ठीक बताईं, केतना छोड़े के रहे?"

त्याच्या मनात संशय नव्हता. दोर नेमका किती सोडायला हवा होता, हे तो खरोखरच विचारत होता. त्याची आठवण एकीकडे आणि कागद दुसरीकडे, आणि कागद खोटा असेल हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. मला नेमका आकडा माहीत होता, फुटापर्यंत. ओठांवर आला होता.

"थोड़ा और छोड़ना था," मी म्हणालो.

त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि पुढच्या वेळेची हमी दिली. "अगिला बेर ध्यान राखब, बाबूजी," तो म्हणाला.